टॉर्चच्या रिपोर्टमधलं ‘पॉझिटिव्ह’ आणि न जाणारा विषाणू

पत्राचा सारांश: वय २९, लग्नाला तीन वर्षं. तालुक्याचं गाव, एकत्र कुटुंब, घरात जावेचा दोन वर्षांचा मुलगा. पाच महिन्यांपूर्वी नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. त्यानंतर ‘टॉर्च’ तपासणी केली, म्हणजे गर्भाला इजा करू शकणाऱ्या काही संसर्गांसाठीची रक्ततपासणी. रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) आणि हर्पिस या तिन्हींपुढे आयजीजी (संसर्गानंतर किंवा लशीनंतर रक्तात टिकून राहणाऱ्या अँटीबॉडी) ‘पॉझिटिव्ह’ आलं. आयजीएम (सहसा ताज्या संसर्गात दिसणाऱ्या अँटीबॉडी) सगळीकडे निगेटिव्ह. नवऱ्याने ‘हर्पिस’ मोबाइलवर शोधलं आणि विचारलं, ‘हे लग्नाआधीचं आहे का?’ सासूबाई म्हणतात, रक्त शुद्ध होईपर्यंत पुन्हा दिवस राहायला नकोत. तीन महिने गुळवेलीचा काढा आणि प्रतिकारशक्तीच्या गोळ्या चालू आहेत. एका ठिकाणी ‘टॉर्च निगेटिव्ह’ करून देणाऱ्या कोर्सचा पहिला हप्ताही भरलाय. पुन्हा तपासलं तर आयजीजीचा आकडा जवळपास तेवढाच. ‘माझ्या शरीराला एक विषाणू बाहेर काढता येत नाही, म्हणजे प्रतिकारशक्तीच कमजोर. आधी विषाणू घालवू की मुलाचा विचार करू? आणि नवऱ्याला काय सांगू?’

नाव कापून पाठवलेला रिपोर्टचा फोटो मोठा करून पाहिला. चार ओळी, त्यांतल्या तीन ठळक अक्षरांत, प्रत्येकीशेजारी वर तोंड केलेला बाण. ही ठळक अक्षरं डॉक्टरांनी केलेली नसतात. आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की लॅबचं सॉफ्टवेअर ती आपोआप ठळक करतं. आकडा चांगला की वाईट, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रुबेलाचंच बघा. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे लस घेतल्यामुळे किंवा आजार होऊन गेल्यामुळे तुम्हाला संरक्षण आहे. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाला फार मोठी इजा होऊ शकते. ती भीती तुमच्यापुरती जवळजवळ मिटली. ते निगेटिव्ह आलं असतं तर डॉक्टरांनी आधी लस घ्यायला लावली असती. घर हादरवणाऱ्या तीन ‘पॉझिटिव्ह’पैकी एक असं पेढे वाटण्याजोगं निघालं, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

उरलेले दोन, सीएमव्ही आणि हर्पिस सिम्प्लेक्स, एकाच कुळातले. या कुळातले नऊ विषाणू माणसाला होतात. कांजिण्या आणि पुढे म्हातारपणी नागीण करणारा त्यांतलाच. ताप आला की ओठाच्या कडेला पुळ्यांचा झुपका आणणाराही त्यांतलाच. सगळ्यांची सवय सारखी: एकदा शिरले की जन्मभर मुक्काम. भारतात बहुतेक प्रौढांचं सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्हच येतं. हर्पिस सिम्प्लेक्सच्या पहिल्या प्रकाराबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात तो आहे. दर तिघांत जवळजवळ दोन. सासूबाईंचं रक्त तपासलं तर त्यांच्याही रिपोर्टमध्ये ठळक अक्षरं येण्याचीच शक्यता जास्त. (तपासायला लावू नका. घरात शांतता हवी.)

आता तुमच्या पत्रातला मुख्य समज: विषाणू जात नाही, म्हणजे शरीर कमजोर. यात असं गृहीत धरलंय की विषाणू नुसता बसून आहे आणि सगळा निकाल आपल्या ताकदीवर लागतो. प्रत्यक्षात हे विषाणू आपल्याला चकवण्याची हत्यारं घेऊनच येतात. कोविडच्या विषाणूची जनुकीय संहिता सुमारे ३० हजार अक्षरांची होती. सीएमव्हीची सुमारे २ लाख ३५ हजार. नुसती आपली पिल्लावळ वाढवायला एवढा पसारा लागत नाही. त्यातला मोठा भाग आपल्या प्रतिकारयंत्रणेशी खेळायला राखून ठेवलेला आहे.

हा खेळ कसा चालतो ते जरा सविस्तर सांगते, कारण काढा घ्यायचा की नाही याचं उत्तरही त्यातच आहे. सकाळी घंटागाडी येते तेव्हा घरोघरच्या बादल्या दाराबाहेर असतात आणि गाडीवाला आत काय टाकलंय ते डोकावून बघतो. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी असंच करते. आत तयार झालेल्या प्रथिनांचे जुने-पाने तुकडे ती एमएचसी नावाच्या रेणूत घालून पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या गस्तीच्या पेशी, या बादल्या बघत फिरतात. एखादीत विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा दिसला, की ती अख्खी पेशी मारून टाकतात. विषाणू पेशीच्या आत लपलेला असूनही सापडतो तो यामुळे.

हर्पिस सिम्प्लेक्सकडे यावर आयसीपी४७ नावाचं प्रथिन आहे, अवघ्या ८८ अमिनो आम्लांचं. विषाणू पेशीत शिरल्यावर जी पहिली काही प्रथिनं बनतात, त्यांत हे असतं. तुकडे एमएचसीपर्यंत पोचवायला पेशीत टॅप नावाचा पंप असतो. आयसीपी४७ त्या पंपाच्या तोंडात जाऊन अडकून बसतं. तुकडे पलीकडे जात नाहीत, बादली भरत नाही, टी पेशी दारावरून पुढे निघून जाते. १९९५ च्या आसपास हे उलगडलं तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली: उंदराच्या पंपात हे प्रथिन नीट बसतच नाही. माणसात राहून राहून ते माणसाच्या मापाचं झालंय.

सीएमव्ही एका युक्तीवर थांबत नाही. त्याचं यूएस६ हे प्रथिन तोच पंप दुसऱ्या बाजूने बंद करतं. यूएस३ तयार झालेला एमएचसी आतच अडवून धरतं. आणि यूएस२ व यूएस११ तर नुकताच बनलेला एमएचसी रेणू ओढून पेशीच्याच मोडतोड यंत्रात ढकलतात. काही मिनिटांत त्याचा चुराडा. हे १९९६ मध्ये दिसलं. बिघडलेली प्रथिनं पेशी एरवी कशी टाकून देते, हे समजायला पुढे या यूएस११ नेच संशोधकांना मोठी मदत केली.

पण दाराबाहेर बादलीच नसणं, हेही संशयास्पदच ना? अशा घरांवर लक्ष ठेवायला शरीराकडे एनके पेशी असतात. एमएचसी दिसला नाही की त्या हल्ला करतात. सीएमव्हीने त्याचीही तजवीज केली आहे. यूएल१८ हे त्याचं प्रथिन दिसायला एमएचसीसारखंच, म्हणजे दारात ठेवलेली खोटी बादली. यूएल४० आणखी वेगळं: त्याचा एक छोटा तुकडा आपल्याच एका रेणूवर बसतो आणि एनके पेशींना ‘सगळं ठीक आहे’ असा निरोप मिळत राहतो.

तुमच्या रिपोर्टमधला आकडा आयजीजीचा, म्हणजे अँटीबॉडींचा. त्यांनाही सोडलेलं नाही. हर्पिस सिम्प्लेक्सच्या आवरणावरची जीई आणि जीआय ही प्रथिनं अँटीबॉडीची शेपटी पकडून ठेवतात. अँटीबॉडी एका टोकाने विषाणूला चिकटलेली असते, पण ज्या शेपटीने ती पुढची कुमक बोलावणार, तीच अडकलेली. जीसी हे तिसरं प्रथिन रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या यंत्रणेला निकामी करतं. म्हणून रक्तात अँटीबॉडी भरपूर असतात आणि विषाणूही असतो. यात विसंगती काही नाही.

शिवाय तो झोपून राहतो. हर्पिस सिम्प्लेक्स मज्जापेशींच्या (नसांमधल्या पेशींच्या) गाठीत, सीएमव्ही अस्थिमज्जेतल्या पूर्वपेशींत. झोपलेला विषाणू प्रथिनं जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे दाखवायला तुकडाही नसतो. हर्पिसवरचं असायक्लोव्हिरसारखं औषध विषाणूच्याच एका विकराने (एन्झाइमने) सुरू होतं. विकर नसेल तर औषधही गप्प. पुळ्या आल्यावर ते उपयोगी पडतं, मुक्काम हलवायला नाही.

हे वाचून वाटेल, मग शरीर हरलंच. उलट आहे. सीएमव्ही असलेल्या निरोगी माणसाच्या रक्तातल्या स्मृती टी पेशींपैकी (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशींपैकी) सरासरी १० टक्के एकट्या या विषाणूवर पहारा देत असतात. एवढ्या चकव्यांनंतरही! मज्जापेशींच्या गाठीतही टी पेशी ठाण मांडून बसलेल्या सापडल्या आहेत. मज्जापेशी मारली तर ती परत येत नाही, म्हणून तिला न मारता विषाणूचं डोकं वर येऊ न देण्याची पद्धत त्या वापरतात. हा पहारा उठला की काय होतं, ते किडनी बसवलेल्या रुग्णांत दिसतं: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना सीएमव्ही फुप्फुस, आतडं, डोळ्याचा पडदा यांवर हल्ला करतो. तुमची प्रतिकारशक्ती खरोखर कोलमडली असती, तर तुम्ही मला रिपोर्टबद्दल लिहिलं नसतं, त्या आजारांबद्दल लिहिलं असतं. रिपोर्टमध्ये आयजीजी आहे आणि आयजीएम नाही, याचा सरळ अर्थ संसर्ग जुना आहे आणि शरीराने त्याला आवरून धरलंय.

म्हणून काढ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पंपाचं तोंडच बंद असताना टी पेशी ‘वाढवून’ काय साधणार? बादली बाहेर आली तर त्या बघणार. कुठल्याही काढ्याने, गोळीने किंवा कोर्सने आयजीजी निगेटिव्ह होत नाही, आणि व्हायलाही नको. तो तुमच्या शरीराच्या स्मरणाचा आकडा आहे. गुळवेलीबद्दल आणखी एक: २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. तो वाद तिकडे चालू दे, पण ज्या गोष्टीचा फायदा होणार नाही आणि जिच्या धोक्याबद्दल शंका आहे, ती मूल हवं असलेल्या बाईने तीन-तीन महिने का घ्यावी?

गर्भपात या विषाणूंमुळे झाला का? तुमच्या रिपोर्टवरून तसं म्हणता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तो दोष त्या एका गर्भापुरता असतो आणि आईच्या खाण्यापिण्याचा, कामाचा, रक्ताचा त्यात हात नसतो. गर्भपात पुन्हा पुन्हा झाले तरी टॉर्च तपासण्यात अर्थ नाही, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने सांगून बरीच वर्षं झाली. आपल्याकडे ती अजून सर्रास लिहून दिली जाते. बाई रडत समोर बसलेली असते, घरच्यांना कारण हवं असतं, आणि टॉर्चमध्ये काही ना काही पॉझिटिव्ह येतंच.

तेव्हा ‘आधी विषाणू घालवू की मुलाचा विचार करू’ यातला पहिला पर्याय मुळात पर्यायच नाही. विषाणू जाण्याची वाट बघणं म्हणजे कायमचं थांबणं. पाच महिने झाले आहेत. पाळी नियमित असेल आणि तुमचं मन तयार असेल, तर डॉक्टरांशी एकदा बोलून पुढे जायला हरकत दिसत नाही. मन तयार नसेल तर जरूर थांबा, पण ते तुमच्यासाठी. रक्त शुद्ध व्हावं म्हणून नव्हे.

ज्या वाचकांच्या रिपोर्टमध्ये सीएमव्हीचं आयजीएमही पॉझिटिव्ह असेल, त्यांचं उत्तर थोडं निराळं. आयजीएम कधी चुकून पॉझिटिव्ह येतं, कधी महिनोन् महिने रेंगाळतं, कधी जुना विषाणू जरा जागा झाल्यावर पुन्हा दिसतं. अशा वेळी ‘आयजीजी अ‍ॅव्हिडिटी’, म्हणजे अँटीबॉडी विषाणूला किती घट्ट चिकटते, ही तपासणी करून घ्या. अ‍ॅव्हिडिटी जास्त म्हणजे संसर्ग जुना. कमी असेल तर तो अलीकडचा, आणि मग काही महिने थांबण्याचा सल्ला डॉक्टर देतात, त्यात तथ्य असतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. जुना सीएमव्ही म्हणजे पूर्ण चिलखत नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच संसर्ग झाला तर साधारण तिघींपैकी एकीच्या बाळापर्यंत तो पोचतो. आधी होऊन गेलेला असेल तर हे प्रमाण सुमारे शंभरात एक इतकं खाली येतं. पण शून्य होत नाही, कारण सीएमव्हीचा दुसरा वाण नव्याने लागू शकतो. अँटीबॉडी असताना, टी पेशींचा एवढा पहारा असताना तो शिरतो कसा? २०१० मध्ये ओरेगनमधल्या संशोधकांनी ऱ्हीसस माकडांवर याचा शोध घेतला. माकडांचा सीएमव्ही आधीच अंगात असलेल्या माकडांना तो पुन्हा लागत होता. मग त्यांनी विषाणूतून यूएस२ ते यूएस११ या पट्ट्याशी जुळणारी जनुकं काढून टाकली, म्हणजे वर सांगितलेली बादली लपवणारी सगळी टोळी. हा दुबळा विषाणू कोऱ्या माकडांना लागला, पण ज्यांना आधी संसर्ग होता त्यांच्यात शिरू शकला नाही. पुन्हा शिरण्याची किल्ली या प्रथिनांतच होती.

याचा तुमच्याशी थेट संबंध आहे, कारण घरात दोन वर्षांचा पुतण्या आहे. लहान मुलं सीएमव्ही लाळेतून आणि लघवीतून महिनोन् महिने बाहेर टाकतात, स्वतः मात्र ठणठणीत असतात. त्याला दूर ठेवायचं नाही. त्याचं उष्टं खायचं नाही, त्याच्या चमच्याने भाताची चव बघायची नाही, पापा ओठांचा न घेता कपाळाचा घ्यायचा, आणि शी-शू काढल्यावर, शेंबूड पुसल्यावर साबणाने वीसेक सेकंद हात धुवायचे. आपल्याकडे मुलाचं उष्टं टाकणं जिवावर येतं, ठाऊक आहे. ते जावेला खाऊ द्या, किंवा नवऱ्याला. दिवस राहण्याच्या आधीपासून पहिले तीन महिने तरी हे कटाक्षाने पाळा.

तपासायचीच असेल तर या कुळातली एक उपयोगाची तपासणी टॉर्चमध्ये बहुधा नसतेच: कांजिण्यांची. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे आईला विचारा. झाल्या असतील तर विषय संपला. नसतील किंवा कोणाला आठवत नसेल, तर अँटीबॉडी तपासून गरज पडल्यास दिवस राहण्याआधी लस घेता येते. लशीनंतर किमान महिनाभर थांबावं लागतं. बाकी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघून घ्या आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आतापासून सुरू करा.

नवऱ्याच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या रिपोर्टवर ‘हर्पिस १ + २’ असं एकत्र लिहिलंय, म्हणजे कुठला प्रकार तेच कळत नाही. पहिला प्रकार बहुतेकांना लहानपणी लाळेतून लागतो: आजीचा पापा, एका पेल्यातलं पाणी. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, पण तोही निघाला असता तरी कधी लागला आणि कोणाकडून, हे रक्त सांगत नाही; तो नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो, आणि त्याला स्वतःला ठाऊकही नसेल, कारण अनेकांना आयुष्यभर एकही पुळी येत नाही. तेव्हा तुम्ही कबुली द्यावी असं काही या कागदात नाही.

‘मग त्यालाही तपासायला लावू का?’ असा विचार मनात आला असेल. मी ते करणार नाही. तो पॉझिटिव्ह आला तर ‘तुझ्याकडून आलं’, निगेटिव्ह आला तर ‘बघ, माझ्यात नाही’, दोन्हीकडून भांडणच. त्यापेक्षा पुढच्या वेळी त्याला डॉक्टरांकडे सोबत न्या आणि त्याचा प्रश्न त्यालाच विचारू द्या. मोबाइलवर ‘हर्पिस’ शोधलं की थेट गुप्तरोगाचे फोटो येतात. त्याला ते दिसले आणि तो घाबरला, एवढंही असू शकेल. शिवाय मूल त्याचंही गेलंय, आणि त्याला त्याबद्दल कोणी विचारलेलं नसणार. डॉक्टरांनी समजावल्यावरही संशय राहिला, तर मात्र प्रश्न विषाणूचा नाही असं समजा आणि समुपदेशकाकडे दोघं मिळून जा. स्वतःची निर्दोषता सिद्ध करण्यासाठी आणखी तपासण्या करत बसू नका.

पुढे गरोदरपणात जननेंद्रियांवर फोड किंवा जखमा आल्या तर लाजून लपवू नका. ताज्या फोडातला स्राव तपासून नेमकं निदान होतं, औषध देता येतं, आणि प्रसूतीच्या वेळी जखमा असतील तर डॉक्टर सिझेरियनचा विचार करतात. बाळाला हर्पिसचा खरा धोका असतो तो आईला शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच संसर्ग झाला तर. आणि बारशाला ओठावर पुळ्या आलेला कोणीही, मग ती सख्खी आत्या का असेना, बाळाचा पापा घेणार नाही, हे आधीच ठरवून टाका. नवजात बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो.

दुर्दैवाने पुन्हा गर्भपात झालाच, तर तपासण्या जरूर करा, पण कामाच्या: अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्ताच्या गुठळ्या वाढवणाऱ्या), थायरॉइड, गर्भाशयाची सोनोग्राफी, जमलं तर पडलेल्या गर्भाची गुणसूत्रं. कोणी पुन्हा टॉर्च लिहून दिलं, तर ‘याच्या निकालाने उपचारात काय बदलणार?’ एवढं शांतपणे विचारा.

त्या कोर्सचा दुसरा हप्ता मात्र भरू नका. पावती जपून ठेवली असेल तर पहिला परत मागून बघा. लेखी मागा, आणि ‘निगेटिव्ह करून देतो’ असं त्यांनी जिथे छापलंय तो कागद सोबत जोडा.